स्वैपाकघरातला उलटतपास

“साक्षीदार, उभ्या राहा,” ब्राह्मी म्हणाली, आणि तिची आई खरंच उभी राहिली. मांडीवरचं तांदळाचं ताट हातात घेऊनच.

“आई, ताट ठेव की खाली! कोर्टात काय तांदूळ निवडणार हायस?”

आईला हसू आलं नाही. परवा सोमवारी तिला सांगलीच्या कोर्टात खरोखरच उभं राहायचं होतं. तिच्या पोराची, भरतेशची केस. जतकडचा केरबा मेंढरं घेऊन निघाला होता, रात्री आठच्या सुमाराला रस्त्यात भरतेशच्या पिकअपनं त्याला उडवलं आणि तो दवाखान्यात दगावला. त्या दिवशी रात्री भरतेश पांढराफटक पडून घरी आला, “आई, माणूस आडवा आला गं,” एवढंच बोलला. पोलीस आले तेव्हा आईनं जबाब दिला, आठ वाजता पोरगा घरात जेवत होता. वकीलसाहेबांनी पढवलेलं वाक्य. तेच आता जजसाहेबांपुढं सांगायचं होतं.

आता ब्राह्मीला ही वकिली कुठून आली म्हणाल, तर पुस्तकातून. बँकेच्या परीक्षेच्या क्लासात सर म्हणाले होते, डिक्शनरी पाठ करून इंग्रजी येत नसतं, एखादी रहस्यकथा धरा आणि शब्द गोळा करत चला. हिनं कोर्टातल्या खुनाची जाडजूड कादंबरी आणली. रोज संध्याकाळी वाचायची आणि आईला मराठीत सांगायची. त्यातला टकलू वकील साधासुधा प्रश्न विचारून भल्याभल्यांची बोबडी वळवायचा. आई जीव मुठीत धरून ऐकायची.

“ह्याला अ‍ॅलिबाय म्हणतात,” ब्राह्मीनं एकदा सांगितलं होतं. “गुन्ह्याच्या टायमाला माणूस दुसरीकडंच होता, ह्याचा पुरावा.”

“आणि ह्याला?” आईनं खालच्या ओळीत रेघ मारलेल्या शब्दावर बोट ठेवलं. तो शब्द खोट्या साक्षीचा होता.

“ते परीक्षेला येत न्हाई,” ब्राह्मी म्हणाली होती आणि पान उलटलं होतं.

तर आज तालीम चालली होती.

“त्या दिवशी आठ वाजता तुमचा मुलगा कुठं होता?”

“घरात. जेवत होता.”

“कोण वाढत होतं?”

“मीच की. तव्यावरची गरम भाकरी वाढत होते.”

आई कुठं अडखळत नव्हती. दाराला टेकून ऐकणाऱ्या भरतेशचाही जीव जरा भांड्यात पडला. ब्राह्मीला चेव चढला. टकलू वकिलासारखी ती दोन पावलं मागं सरकली आणि पुढचा प्रश्न तिच्या तोंडून आपसूक निघाला.

“बाई, तुमच्या घरात दिवस बुडल्यावर चूल पेटते?”

“छ्या!” आई ताडकन म्हणाली. “जैनाचं घर हाय हे, मुनीमहाराजांकडनं नियम घेतलाय मी. ह्या घरात लग्न करून आले तवापासनं रात्री चूल न्हाई, घास न्हाई, पाण्याचा थेंब न्हाई. गल्लीत कुणालाबी विचारा!”

आणि मग तिचा हात तोंडावर गेला.

खोटं कशाला सांगा, ब्राह्मीला आधी आनंदच झाला. सापडलं! पण लगेच आईचा चेहरा दिसला आणि तिला स्वतःचीच किळस आली.

“सहाला जेवलो म्हण की,” भरतेश म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

“केरबा पडला आठला, दादा. सहाला जेवून काय उपयोग?”

“मग टीव्ही बघत होतो म्हणू.”

“जबाबात जेवण लिहिलंय.” ब्राह्मी आईजवळ बसली. “आई, खरं काय ते सांगूया. मागल्या तारखेला केरबाची बायको आलती. कडेवर पोर होतं. बघितलंयस न्हवं तू?”

“बघितलंय. परवा न्हाई बघणार मी तिच्याकडं.”

“आई!”

“मग काय करू? ह्याला आत पाठवू?”

आई उठली. बाहेर मिट्ट अंधार पडला होता. तिनं गॅस पेटवला, परातीत ज्वारीचं पीठ घेतलं आणि भाकरी थापायला बसली. नेहमीपेक्षा जोरात थापत होती. थापट्यांचा आवाज भिंतीपलीकडं जात होता, आणि तो जावा म्हणूनच ती थापत होती.

शेजारची बनुबाई परसदारी आलीच. “आवं वैनी, बरं हाय न्हवं समदं? ह्या टायमाला चूल?”

“पोरगं उशिरा येतंय वो कामावरनं. आमच्यात रोजचंच हाय. तुमचं ध्यान नसंल.”

“आत्ता गं बया!” बनुबाई म्हणाली, पण हलली नाही.

आईनं भरतेशपुढं ताट ठेवलं. त्यानं मान खाली घातली, हात लावला नाही. बनुबाई दारातच उभी. तेव्हा आई स्वतः ताटावर बसली, भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. तांब्या उचलून ती वरनं घटाघट पाणी प्याली.

बनुबाई निघून गेली. ब्राह्मी आईचा हात धरून रडायला लागली. “नको गं आई. चुकलं माझं. नको.”

आईनं हात सोडवून घेतला आणि दुसरा घास मोडला.

“रडतीस कशाला? पुस्तक काढ,” ती म्हणाली. “अजून काय काय विचारतात ते बघून ठेव.”