पुढच्या भागात

हडसन नदीवरच्या कड्यावर दर आठवड्याला मूकपटाचा एकेक भाग संपायचा, आणि दर वेळी शेवटी मर्टल कड्याला लोंबकळत असायची. खलनायक ऑगी, तिचा खराखुरा नवरा, वरून तिच्या बोटांवर टाच ठेवायचा. नुसती टेकवायची असायची, हा रगडायचा.

"हाड मोडेल रे, वर घे!" ती किंचाळली की तो दात काढायचा.

"वाचवायचं पुढच्या भागात आहे, राणी."

समोरच्या कड्यावर कॅमेरावाला हँडल फिरवत राही. मूकपटात आवाज हवा होता कोणाला? घरी तर कॅमेराही नसायचा.

या आठवड्यात दिग्दर्शकाने डाव उलटवला. लोंबकळायचं ऑगीने, टाच मर्टलची. लोंबकळणाऱ्याच्या कमरेचा दोर वर उभं राहणाऱ्याने बांधायचा, ही तिथली रीत. तो तिनेच बांधला.

हँडल फिरू लागलं, आणि कोटाखालची गाठ सुटली. ऑगी पांढराफटक पडला.

"मर्टल! दोर सुटला! देवाशप्पथ, हात दे!"

"वा, ऑगी!" समोरून दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडला. "इतका खरा तू कधीच दिसला नव्हतास! मर्टल, आता टाच!"

मर्टल वाकली. मोडून वाकड्या बसलेल्या बोटांनी तिने त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि उभी राहिली.

"पुढच्या भागात, राजा," ती म्हणाली, आणि टाच रगडली.