खिळ्यावरची टिकटिक

त्र्याण्णव साली हिमालयात पिंडारीच्या वाटेवर निघताना गौरीचे बाबा पावलं मोजायचं यंत्र सुरतेतल्या उधन्याच्या घरीच विसरले. ते परतलेच नाहीत. दोन वर्षांनी, खिळ्याला टांगलेलं ते यंत्र आपसूक टिकटिकू लागलं.

आई भूगोलाची शिक्षिका. आकडा बघून ती रोज नकाशावर दोरा पुढे सरकवायची. "दिल्ली मागे पडली," म्हणायची. मग एकदा, "भरूच आलं गं!"

आज दोरा सुरतेला टेकला. आईने ठेवणीतली साडी नेसली, चहा टाकला, दार सताड उघडलं.

चहा निवला, तरी टिकटिक थांबेना.

"अहो, घर मागे राहिलं!" म्हणत आई जिना उतरली.

"आई, चप्पल तरी घाल!" गौरी खिडकीशी धावली. रस्त्यावर आई कुठेच नव्हती.

खिळ्यावरची टिकटिक आता दुहेरी झाली होती.