जोडीच्या काठ्या

“ही नको. ही हातात घेतली तर मी स्वतःच्याच मयताला निघाल्यासारखी दिसेन,” असं म्हणत लॉर्नानं काळी काठी पुन्हा मांडणीत खुपसली.

तिचा नवरा मर्व्ह पायबस काठ्यांच्या दुकानाच्या दाराशी खिशात हात घालून उभा होता. आत यायचीच त्याची इच्छा नव्हती. मागच्या शरदात इथल्याच, हॉबार्टच्या शनिवारच्या बाजारात, भर गर्दीत तो आडवा झाला होता. सांडलेले बटाटे लोकांनी गोळा करून दिले, त्यालाही उचललं. पायातला जोर कमी होतोय, काठी वापरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यावर मर्व्हनं एकच उत्तर दिलं होतं. जन्मभर खाडीत फेरीबोट हाकली, वादळातसुद्धा कठडा धरला नाही, आता काठी धरू?

लॉर्नानं तो विषय पुन्हा काढला नाही. आणि हिवाळा लागता लागता तिचाच गुडघा धरला.

“बूट घालून सरळ उभ्या राहा. हात सैल सोडा,” दुकानाच्या मालकीणबाई, मिसेस पेट्रुस्मा, म्हणाल्या. “मूठ बरोबर मनगटाशी आली पाहिजे. उंच काठीनं खांदा दुखतो, बुटकीनं कंबर. दुखतो कुठला गुडघा?”

“उजवा.”

“मग काठी डाव्या हातात.”

“उलटंच की!”

“सगळे तसंच म्हणतात. दुखरा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे टाका. बघा.”

मर्व्हलाही ते उलटंच वाटलं होतं. न बघितल्यासारखं करत त्यानं नीट बघून घेतलं.

लॉर्नानं शेवटी वाकड्या मुठीची, मधाच्या रंगाची काठी घेतली. वुडब्रिजला घरी आल्यावर ती दाराआड गमबुटांशेजारी उभी केली, आणि काठी तिथेच राहिली.

चर्चमधल्या गायनाला जाणं तिनं सोडलं. संध्याकाळचं धक्क्यापर्यंतचं फिरणंही थांबलं.

“काठी आहे ना? चल की,” मर्व्ह म्हणायचा.

“लोक म्हणतील, पायबसची बायको म्हातारी झाली.”

“झालीच आहेस.”

एरवी तिनं हातातला कपडा फेकून मारला असता. आता ती नुसती खिडकीतून खाडीकडे बघत राहिली. मर्व्हही फाटकाबाहेर जाईनासा झाला. बायको घरात बसलेली असताना एकट्यानं कसलं फिरायचं, असं तो स्वतःला सांगायचा.

असा सगळा हिवाळा गेला. एके सकाळी न्याहारी करताना मर्व्हला वाटलं, हे असंच चाललं तर ही खुर्चीतच संपेल. तो उठला, बस पकडून एकटाच हॉबार्टला गेला.

“बायकोला एकटीला काठीची लाज वाटते,” त्यानं मिसेस पेट्रुस्मांना सांगितलं. “मीही घेतली, तर लोकांना वाटेल दोघं मिळून थाट करतायत.”

“म्हणजे काठी तुम्हाला.”

“तिच्यासाठी. मी फक्त धरणार.”

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे एकवार बघितलं. मग त्यांनी काठ्या काढल्या. पितळी बदकाच्या डोक्याची एक त्याला फारच आवडली.

“दिसते झोकात, पण ती चोच तळहाताला टोचेल,” बाई म्हणाल्या. “फोटोपुरती ठीक आहे.”

त्यानं रुंद मुठीची, काळसर रेघांच्या लाकडाची घेतली. मूठ हातात अशी बसली, की जणू कुणी हात मिळवला. घ्यायचीच आहे तर नीट घ्यावी म्हणून शेजारच्या दुकानातून एक हॅटही उचलली.

घरी परतल्यावर दारात उभं राहून त्यानं काठीनंच दार ठोठावलं. लॉर्नानं उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“कोण पाहिजे, साहेब?”

“इथे कुणी म्हातारी राहते का? फिरायला न्यायचीय.”

ती इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. मग गमबुटांशेजारची काठी तिनं उचलली.

धक्क्यावर डेस क्विल्टी गळ टाकून बसला होता. “काय रे मर्व्ह, मेंढ्या हरवल्या की काय?”

“एक सापडली. मासे धरत बसलीय.”

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोघं निघायची. पहिल्यांदा चर्चपर्यंत, मग धक्क्यापर्यंत, मग ओल्या फळ्यांवरून थेट धक्क्याच्या टोकापर्यंत. एकदा शेवाळावर मर्व्हचा पाय सरकला. काठी घट्ट टेकली, तो सावरला.

“बरी होती जवळ,” लॉर्ना म्हणाली.

“तुझ्यासाठी म्हणून घेतली, नाहीतर...” तो म्हणाला.

ती पुन्हा गायनाला जाऊ लागली. तिला चर्चच्या पायऱ्यांवर सोडताना मर्व्ह हॅट जरा तिरकी करायचा. बायकोला आपण खुर्चीतून उठवलं, हे तो कुणाला सांगत नसे. पण रात्री पडल्या पडल्या स्वतःशी घोळवत असे.

डिसेंबरात, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, त्याच्या काठीचं रबरी टोक झिजून वेडंवाकडं झालं. लॉर्नाचं तसंच कोरं होतं. बायको हलक्या पावलांची, म्हणून त्याला कौतुक वाटलं. नवं टोक आणायला तो सकाळच्या बसनं हॉबार्टला गेला. काम झटक्यात झालं, आणि परतताना डेसची गाडी भेटली. दुपारच्या बसनं यायचा तो, जेवणाआधीच घरी पोचला.

फाटक उघडंच होतं. कडेच्या हिरवळीवरून तो मागच्या अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत आला आणि थबकला.

लॉर्ना शिडीच्या शेंड्यावर होती. एक पाय शिडीवर, दुसरा फांदीवर, आणि चेरीच्या झाडावर पक्ष्यांपासून फळं राखायची जाळी ओढत ती मोठ्यानं गात होती. तिची काठी वाळत घातलेल्या चादरींशेजारी दोरीला लटकली होती. जाळी बसली तशी ती भराभरा उतरली. शेवटच्या तीन पायऱ्या राहिल्या, तेव्हा तिनं सरळ गवतावर उडी मारली आणि घरंगळत निघालेल्या रिकाम्या टोपलीमागे उतारावरून धावत सुटली.

मर्व्हनं दोरीवरच्या काठीचं कोरं टोक बघितलं, आणि हातातल्या काठीचं नवं. मग पाऊल न वाजवता मागे मागे फाटकापर्यंत गेला. फाटक त्यानं दाणकन आपटलं, आणि फरशीवर काठी जोरजोरात ठोकत, अगदी सावकाश घराकडे यायला लागला.