मागच्या सीटचा पट्टा

आकांक्षाची बंगळुरूहून अमरावतीला बदली झाली, तेव्हा तिनं आपली कार गाड्या वाहून नेणाऱ्या कंटेनरनं पाठवली. कंटेनर अकोल्यापर्यंतच येणार होता. म्हणून वडिलांना, भगवंतरावांना, सोबत घेऊन ती बसनं अकोल्याला गेली आणि भर दुपारी गाडी ताब्यात घेतली.

"वाटेत गाडी कुणी उघडली नाही ना?" तिनं विचारलं.

"सील तिकडंच लागलं, मॅडम. आत्ता तुमच्यासमोर काढलं," ड्रायव्हर म्हणाला.

हायवेला लागताच टुं टुं आवाज सुरू झाला. मागं बसलेल्या माणसानं पट्टा लावला नाही, की गाडी अशी ओरडायची. मागं तर कोणीच नव्हतं.

"मांगं काई ठेवलं का वं तू?"

"काही नाही ठेवलं, बाबा."

मूर्तिजापूर येईपर्यंत तिचं डोकं भणभणलं. शेवटी तिनं गाडी बाजूला घेतली आणि मागच्या सीटवरचा पट्टा ओढून अडकवला. आवाज थांबला.

"पाह्य, बसलं गप!" भगवंतराव हसले.

आकांक्षाला हसू आलं नाही. रिकाम्या सीटला पुरतो, त्याहून बराच जास्त पट्टा तिला ओढावा लागला होता.

अमरावतीला घरासमोर तिनं इंजिन बंद केलं. तिची आई, दुर्गाबाई, पाण्याचा तांब्या घेऊन फाटकात उभी होती.

मागं खट्कन पट्टा सुटला.

भगवंतरावांनी मुलीचं मनगट घट्ट धरलं. वळून कोणीच पाहिलं नाही.

समोर दुर्गाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, आणि कुणा मोठ्या माणसाला घरात जायला वाट द्यावी, तशा त्या अदबीनं फाटकातून बाजूला झाल्या.