तोआदेरच्या नावाचा पाव

नाव ऐकताच गाडीतल्या बाईने काच वर केली.

सावेता पाव हातात धरून तशीच उभी राहिली. "तोआदेरच्या नावानं घ्या," एवढेच ती म्हणाली होती. वेणीसारखा वळलेला गोल पाव, त्यात खोचलेली पेटती मेणबत्ती. बुखारेस्टच्या माणसांना तेवढ्यावरून कळायचे. कुणा अनोळखी मेलेल्याचा पाव भर रस्त्यात कोण घेणार? सकाळपासून हेच चालले होते. टोपलीला कुणी शिवले नव्हते.

घेणाऱ्याने 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचे आणि पाव खायचा. तेवढे झाले की तो गेलेल्याला पोचतो. आज तिच्या नवऱ्याला, तोआदेरला, जाऊन वर्ष झाले होते आणि गावात पाव घ्यायला माणूस नव्हते. शेवटची शेजारीण हिवाळ्यात मुलीकडे इटलीत, तोरिनोला गेली, ती तिकडचीच झाली. मुलगा स्पेनमध्ये. काल फोनवर तो म्हणाला, "आई, धरणाच्या रस्त्यावर जा ना. उन्हाळ्यात तिथं जत्रा असते. कुणालाही दे."

जत्रा होती, पण ती अस्वलांची. डोंगर उतरून अस्वले कठड्याशी येऊन बसायची. गाड्या थांबायच्या, खिडक्यांतून बिस्किटे आणि सॉसेज बाहेर यायची. खाऊ घालू नका, अशी पाटी होती. तिच्याखाली उभे राहूनच लोक खाऊ घालायचे. सावेता वळणावरच्या लोखंडी क्रुसाशी टोपली ठेवून उभी होती. दुसरीकडे कुठे उभे राहणे तिला जमले नसते.

दुपारी तिने मेणबत्त्या विझवल्या आणि टोपलीच्या तळाशी सारल्या. नाव आता ओठांतल्या ओठांत घ्यायचे, असे तिने ठरवले.

पुढच्या गाडीतून एक तरुण जोडपे उतरले. रस्त्यापलीकडे एक थोराड नर बसला होता. त्याचा डावा कान मधोमध फाटलेला होता.

"राझ्वान, बघ ना, अस्वलाच्या गोष्टीतला मार्तिनआबा! कसला गुबगुबीत आहे!"

"तुझ्या मामासारखा," राझ्वान म्हणाला. "लग्नात जेवून उठल्यावरचा."

"गप रे." मुलीचे लक्ष टोपलीकडे गेले. "मावशी, पाव कितीला?"

"विकायचा नाही, पोरी. असाच घे."

"असाच? शिक जरा, राझ्वान. तू तर मला वाटेत साधी कॉफी पाजली नाहीस."

"क्रिना, तीन कप प्यायलीस तू!"

क्रिनाने पाव दोन्ही हातांनी घेतला आणि नाकाशी धरला. सावेताचे ओठ हलले. मग ती मुलीच्या तोंडाकडे पाहत राहिली. एक घास. ते शब्द मागाहून सांगता आले असते.

"काय वास आहे हो, मावशी!" म्हणत क्रिना वळली आणि पाव घेऊन रस्ता ओलांडू लागली.

राझ्वानने फोन क्रुसाच्या आडव्या दांडीवर टेकवून ठेवला. "हातानं भरव त्याला. घाबरू नकोस, माणसाळलेली असतात ही."

"घाबरतंय कोण?"

"पोरी, गाडीत बस," सावेता म्हणाली. "तो चांगला नाही."

"मावशी, तुम्ही रोज बघता. आम्ही कधी बघायचं?"

अस्वल उठले. क्रिनाने एक पाऊल पुढे टाकून पाव लांब धरला. अस्वलाने कान मागे पाडले. राझ्वान फोनच्या पडद्यात बघून हसत होता.

सावेताने टोपलीकडे पाहिले. आता नाव घेतले तर हीही गाडी जाणार होती. आणि ऊन कलायला लागले होते.

"तो मेलेल्याचा पाव आहे!" ती ओरडली. "माझ्या नवऱ्याच्या वर्षाचा! तोआदेरचा!"

क्रिनाचा हात चटका बसल्यासारखा मागे आला. पाव डांबरावर पडला. तिने घाईघाईने छातीवर क्रूस काढला आणि गाडीकडे धाव घेतली. "राझ्वान, चल! चल म्हणते ना! हात लावलाय मी त्याला!"

"आधी सांगायचं नाही का, म्हातारे?" राझ्वानने फोन ओढून घेतला. दारे आपटली. गाडी वळणाआड जाईपर्यंत क्रिना खिडकीतून हात बाहेर काढून ओल्या कागदाने पुसत होती.

रस्ता रिकामा झाला. सावेता क्रुसाला पाठ लावून उभी राहिली. पळायचे नसते, हे इथे सगळ्यांना ठाऊक असते.

गेल्या वर्षी याच वळणावर तोआदेरने अशाच एका पोरीला गाडीत ढकलून दार लावले होते. तो स्वतः बाहेर राहिला. अस्वलाचा कान फाटलेला होता, असे ती पोरगी रडत रडत सांगत होती. दोन दिवसांनी शिकाऱ्यांनी एक अस्वल मारले. त्याचे दोन्ही कान धड होते. सावेताने ते पाहिले होते आणि ती गप्प राहिली होती.

अस्वल पावापाशी आले. त्याने तो हुंगला, पंजाखाली धरला आणि सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. मग मान वर करून तिच्याकडे पाहिले.

पाव खाल्ला गेला होता. म्हणायचे तेवढे राहिले होते.

"देव त्याला क्षमा करो," अस्वलाच्या वतीने सावेताच म्हणाली. तिच्याखेरीज त्या दरीत तोआदेरला पाहिलेले आता तेवढे एकच उरले होते.