नव्या वसाहतीतलं घर

"दोरीच्या आत नको, पाहुणे. तिथूनच बघा," घर दाखवणारी बाई म्हणाली.

ऑर्व्हल टीट्सनं पुढे टाकलेली काठी मागं घेतली. दोरीपलीकडे स्वयंपाकघर होतं. पांढरंशुभ्र सिंक, त्यावर नळ, खिडकीला चौकड्यांचे पडदे, टेबलाभोवती खुर्च्या. अमेरिकेत तीसच्या दशकातल्या मंदीत खाणी बंद पडल्या तेव्हा बेकार झालेल्या खाणकामगारांसाठी सरकारनं हे गाव वसवलं होतं. आता त्यातल्याच एका घराचं म्युझियम झालं होतं. नोव्हेंबरातल्या त्या थंड दुपारी ऑर्व्हल तिथं एकटाच पाहुणा होता.

राहायला तो डोंगराच्या पलीकडेच. पण उभ्या आयुष्यात इकडे फिरकला नव्हता. नव्या वसाहतीचं नाव निघालं की तो उठून जायचा. कारण टीट्स कुटुंबालाही असंच घर मिळायचं होतं. खाणीवरच्या गळक्या चाळीत, चुलीशी बसून, आईनं पडद्यांचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता. मग कमिटीचे लोक येऊन गेले आणि घर गेलं. का गेलं, हे सांगायला ज्योतिषी नको होता. कमिटीला धडधाकट कुटुंबं हवी होती, आणि धाकट्या ऑर्व्हलचा डावा पाय पोलिओनं काडीसारखा झाला होता.

भावंडांनी ते त्याला कधी विसरू दिलं नाही. छत गळायला लागलं की थोरला क्लीट म्हणायचा, "घ्या! आमच्या पांढऱ्या पायाच्या भावाची कृपा." बहीण व्हर्ना पंपावरून बादल्या ओढत आणायची आणि मुद्दाम त्याच्यासमोर आदळायची. "घरात नळ असता, महाराज. तुमच्यापायी गेला." आई लाकडी चमचा उगारून धावायची. "मेल्यांनो, कमिटीनं नाही म्हटलं, त्यात त्याचा काय दोष?" त्यापुढे ती काही बोलायची नाही.

बाप खोकून खोकून गेला. मग आई गेली, मग क्लीट. एप्रिलात व्हर्नाही गेली. दवाखान्यात, शेवटच्या दिवशीसुद्धा ती पुटपुटली, "आईच्या नशिबी नळ नव्हता बघ, ऑर्व्हल." आता त्याला टोचून बोलणारंही कुणी उरलं नव्हतं. त्या टोचण्याचीसुद्धा सोबत होती, हे त्याला फार उशिरा कळलं. घरात बोलायचा तो फक्त रेडिओ, आणि तोही ह्याचं काही ऐकून घ्यायचा नाही.

म्हणून तो आज आला होता. आपल्यापायी आईचं नेमकं काय काय गेलं, ते मरण्याआधी एकदा डोळ्यांनी बघून घ्यायचं होतं.

घर दाखवणारी डेल्फाबाई त्याच्याच पिढीतली म्हातारी होती. गळ्यापर्यंत स्वेटरची बटणं लावून ती पोपटासारखी बोलत होती. वीज, गरम पाणी, खाली तळघर, मागं कोंबड्यांचं खुराडं. "आणि संडास घरात बरं का! पहिल्या दिवशी बायका काम नसताना आत जायच्या, नुसती साखळी ओढून बघायला."

या विनोदावर एरवी पाहुणे हसत असावेत. ऑर्व्हलला मात्र बर्फातून परसाकडे जाणारी आई दिसली.

"माझी आई इथं सुखात राहिली असती, बाई," तो म्हणाला. "पण आम्हाला घर मिळालं नाही. माझ्या या पायामुळे. कमिटीनं नाही म्हटलं."

डेल्फाबाईनं त्याच्या पायाकडे पाहिलं, बुटाच्या जाड तळव्याकडे पाहिलं.

"कमिटीनं नाही म्हटलं? कोण म्हणालं असं?"

"आई म्हणायची."

बाईनं दाराच्या चौकटीला हात टेकला.

"मी पाहुण्यांना हे सांगत नसते. माझा जन्म याच घरातला, वरच्या खोलीतला. माझ्याआधी एक भाऊ होता, मर्ल. त्याला फेफरं यायचं. तरी आम्हाला घर मिळालंच की! अहो, अशा कुटुंबांना कमिटी नाही म्हणतच नव्हती. फक्त विचारायची, या पोराला सरकारी आश्रमात ठेवता का? हो म्हटलं की चावी हातात. आमचा बाप खाली मान घालून बसला. आईनं हो म्हटलं."

"आणि मर्ल?"

"पुढच्या हिवाळ्यात गेला तिथंच. आई जन्मभर या सिंकपाशी उभी राहून रडली. नळ सोडून ठेवायची, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."

ऑर्व्हलनं काठीवर दोन्ही हात ठेवले. त्याची आई त्याला पाठुंगळी घेऊन रोज शाळेची चढण चढायची. दम लागला तरी खाली उतरवायची नाही. पोरं टोमणे मारत राहिली, छत गळत राहिलं, आणि तिनं खऱ्या कारणाचा ब्रही काढला नाही. आपण मात्र सगळा जन्म तिच्यासमोर खाली मान घालून वावरलो! त्याला एकाच वेळी हसू आणि रडू फुटलं. हे कुणाला तरी सांगायचं होतं, आत्ताच्या आत्ता सांगायचं होतं. पण डोंगरापलीकडे त्याची वाट बघणारं एकही माणूस नव्हतं.

डेल्फाबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिच्याकडे बघतच नव्हता. त्या रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड करून तो मोठ्यानं ओरडला,

"व्हर्ने, ऐकलंस का गं? या घराला आईनं नाही म्हटलं होतं!"