झाकणाआडचा फोटो

“भिंगावर झाकण घालूनही फोटो घेत जा रे पोरा. कॅमेऱ्याचा खोटेपणा त्यात उतरतो. तो वजा केलास, की देवयानी दीर्घिका निखळ उरते,” असं एर्किनबेकला आकाशाचे फोटो काढायला शिकवणारे उस्ताद कधीकाळी सांगायचे.

सोन-कोल सरोवराकाठच्या कुरणावर सकाळच्या चहाला एर्किनबेकनं रात्री टेकडीवर घेतलेले ते झाकणाआडचे फोटो उघडले. काळोखाऐवजी त्यांत त्याचाच लोकरीच्या नमद्याचा तंबू आतून दिसत होता. बायको सायराकुल झोपलेली, शेजारी पाठमोरा पुरुष.

“मी रात्रभर टेकडीवर होतो. इथं कोण आलं होतं?”

“चांदण्या संपल्या वाटतं, म्हणून आता बायकोवर डोळा,” म्हणत तिनं फोटो पाहिला आणि चहाची वाटी खाली ठेवली.

“तुम्हीच येता,” ती हळू म्हणाली. “टेकडीवर गेलात की घटकाभरात परतता, न बोलता झोपता. पहाटे बाहेरून पुन्हा येता. विचारायला भीत होते. यातले तुम्ही कोणते?”